खिळा न मारणारा नालबंद

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची नालबंदकाकांना सवयच नव्हती. नजर आधी पायांवर जायची, मग चपला-बुटांवर, आणि तिथलं काम उरकलं की मर्जी असेल तर चेहऱ्यावर. आमची पहिली भेट झाली ती बडनेऱ्याच्या पुढे, माझ्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये. मी नमस्कार केला, अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो असं सांगितलं. ते माझ्या बुटांकडे बघत होते.

"कमरेले पट्टा बांधता का?" त्यांनी विचारलं.

बांधलेला होता. शर्टाच्या आत. बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"डावी टाच बाहेरून घासून राहिली तुमची. सारा भार डाव्या अंगावर टाकता. घोडीवरबी तसेच बसत असान. घोडी कुठी हाय?"

आता माझ्याबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. काळजी करणं हा माझा स्वभाव नाही, तो माझा पूर्णवेळचा उद्योग आहे. गॅस बंद केला का, हे बघायला मी राजकमल चौकातून घरी परत गेलेला माणूस आहे. अशिलाला निकालाची खात्री मी आजवर कधी दिली नाही, पण मला स्वतःला मात्र प्रत्येक गोष्टीची खात्री लागते, जमल्यास लेखी. अशा माणसानं घोडी कशाला घ्यावी, हा प्रश्न आमच्या घरात अजून प्रलंबित आहे. पंचेचाळिशीत डॉक्टर म्हणाले, काहीतरी व्यायाम करा. लोक चालायला जातात. मला लहानपणापासून घोड्यावर बसायचं होतं, म्हणून मी एका ओळखीच्या माणसाकडून मैना विकत घेतली. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि माझ्यापेक्षा कितीतरी शांत डोक्याची.

मैना आली तेव्हा तिच्या चारी पायांत नाला होत्या. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीनं आपला गुण दाखवला. चिखलात रुतलेला पाय तिनं जोर लावून उपसला आणि नाल खालीच राहिली. नुसती नाल नाही, खुराचा एक टवकाही खिळ्यांबरोबर उपटून गेला. मी नवीन नाल मारून घेतली. महिन्याभरात ती पण गेली, आणखी एक टवका घेऊन. घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी फोटो टाकला तेव्हा कुणीतरी लिहिलं, अकोल्याच्या नालबंदकाकांना बोलवा. खाली दुसऱ्यानं लिहिलं, बोलवा, पण ते नाल मारत नाहीत.

म्हणजे न्हावी बोलवायचा आणि तो केस कापत नाही. तरी मी बोलावलं.

ते मूळचे तेल्हाऱ्याकडचे. घरची कापसाची शेती भावावर सोडून तरुणपणी नागपूरला एका मोठ्या पागेत लागले, तिथेच नालबंदी शिकले, आणि उमेदीची सगळी वर्षं खिळे ठोकण्यात घालवली. मग एक दिवस हातोडा ठेवून दिला आणि अकोल्याला येऊन राहिले. तेव्हापासून फक्त खूर तासायचे. एक सुरी, एक लांब कानस, एक कॅनव्हासची पिशवी. अकोल्याहून पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायचे आणि माझ्या शेतापर्यंत चालत यायचे. लोक त्यांना तरीही नालबंदच म्हणत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

घोड्यांनी अनवाणी चालावं असा आग्रह धरणारा हा माणूस स्वतः मात्र जाड तळाचे काळे बूट घालायचा. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, जेवायला बसताना, दुपारी खाटेवर आडवं होताना. मी एकदा हिंमत करून छेडलं, "काका, घोड्याला मोकळे पाय आणि तुम्हाला बूट?"

"घोड्याले देवानं खूर देल्लं," ते म्हणाले. "मले काय देल्लं? भेगा."

काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकली की शनीचा त्रास कमी होतो असं मानणारे लोक त्यांच्या घरी शनिवारी हमखास यायचे. नालबंद म्हटल्यावर नाल असणारच, हा त्यांचा हिशेब. काका त्यांना बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि सांगायचे, "काळा घोडा हाय एक पाहन्यात. पन नाल नाही त्याच्या पायात. घोडाच नेऊन बांधा दारात. साडेसाती सोता पळून जाईन." माणूस उठून गेला की पुन्हा आपले कानस घासत बसायचे.

त्यांचं खरं कौतुक होतं ते कानांचं. मैनेला सिमेंटच्या खळ्यावर चालवायला लावायचे आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहायचे. डोळे मिटलेले. दोन फेऱ्या झाल्या की बोलायचे. "मागचा डावा उशिरा टेकते. उजव्या पुढच्याची टाच पहिले लागाले पाहिजे, ते बोट पहिले टेकून राहिली." मी डोळे फाडून बघत असायचो, मला काही दिसायचं नाही. मग ते पाय उचलून मांडीवर घ्यायचे, तळव्याचा वास घ्यायचे, मधल्या रबरासारख्या तिकोनी भागावर अंगठा दाबायचे. त्या भागाला ते पुतळी म्हणत. तासलेल्या खुराचे काप खाली पडले की माझ्या शेतातली कुत्री ते पळवायची. काका बडनेरा स्टेशनावर उतरल्याचं त्या कुत्र्यांना माझ्याआधी कळत असावं असा मला संशय आहे.

"खूर म्हंजे काही दगड नोहे," तासता तासता ते बोलत. "पाय टेकला का ते पसरते, उचलला का आकसते. त्यानंच रक्त वर चढते. नाल ठोकली का पसरनं बंद. मंग पाय हाय का खुंटा, त्यालेच समजत नाही."

हे ऐकायला ठीक. पण नाला काढल्यावरचे पहिले चार महिने मी कसे काढले ते मला विचारा. शेतात मैना बरी चालायची. रस्त्यावरची गिट्टी, खडी आली की काचांवरून चालल्यासारखी एकेक पाय जपून टाकायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे. "वकीलसाहेब, चांगली घोडी लंगडी करून ठेवली," असं एकानं मला तोंडावर ऐकवलं. ग्रुपवर रोज दोन तट पडायचे. अर्धे म्हणत, नाल म्हणजे जुलूम. अर्धे म्हणत, डांबरी रस्त्यावर बिननालेचा घोडा म्हणजे पाप. मी दोन्हीकडचं सगळं वाचायचो आणि दोन्हीकडचं मला पटायचं. वकिली करून करून ही एक खोड लागली आहे.

रोज संध्याकाळी काकांना फोन करायचो. त्यांचा फोन साधा, बटणांचा. व्हिडिओ पाठवायची सोय नाही.

"काका, आज गिट्टीवर दोनदा अडखळली."

"चालली का?"

"चालली, पण..."

"मंग झालं." आणि फोन बंद.

किती दिवस लागतील, असं मी एकदा काकुळतीला येऊन विचारलं. ते म्हणाले, "पाहू." नीट होईलच ना? "पाहू." इतक्या वर्षांच्या अनुभवावरून काही अंदाज? "पाहू ना बाप्पा." मला वाटलं, ह्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं तर समोरचा वकील रडेल.

शेवटी माझा मीच इलाज काढला. घोड्यांसाठी रबरी बूट मिळतात असं कळलं, ते मी ऑनलाइन मागवले. चार. दुसऱ्याच दिवशी पाऊस झाला आणि एक बूट मातीनं गिळला. आम्ही फावड्यानं खणून पाहिलं, सापडला नाही. काका आले तेव्हा मी उरलेले तीन लपवायच्या बेतात होतो, पण त्यांनी बघितलेच. उलटेपालटे करून पाहिले. "मजबूत हायेत," म्हणाले. "याच्यात फुलझाडं लावा."

वर्ष उलटता उलटता मात्र मैनेचे खूर बदलले. तळवा जाड झाला, कडा गोल झाल्या, आणि एक दिवस ती मुरमाच्या रस्त्यावरून दुडक्या चालीनं निघाली आणि मला थांबवावी लागली. मी शेडमध्ये येऊन तिच्या मानेला मिठी मारली आणि थोडा रडलो. हे मी घरी सांगितलेलं नाही.

इथवर सगळं गोड. मग लग्न आलं.

माझ्या ताईच्या मुलाचं. मुलगी धामणगाव रेल्वे ह्या गावची, लग्न तिकडेच. ताईचा हट्ट, की मामाची घोडी घरात असताना वरातीला भाड्याची कशाला? मी आनंदानं हो म्हटलं. मैना माणसांत शांत असायची, बॅण्डला घाबरायची नाही. लग्नाला आठ दिवस राहिले आणि ताईचा फोन आला.

"तुह्या घोडीच्या पायात नाला नाहीत म्हणे?"

"नाहीत. गरज नाही."

"मुलीच्या मोठ्या काकाले कुठून समजलं कोन जाणे. अनवाणी घोडी आणता का म्हणून विचारून राहिले. टापा वाजणार नाहीत तर वरात आली हे समजन कसं? लोक म्हनतीन, नवरदेव मांजरीवर बसून आला."

मी नाही म्हणालो. दुसऱ्या फोनला नाही म्हणालो. तिसऱ्या फोनला ताई रडली. चौथ्याला भाऊजी बोलले, की एवढ्याशा गोष्टीसाठी सोयऱ्यांत कशाला बोल लावून घ्यायचा, दोन दिवसांनी काढून टाक. पाचव्या फोनला मी हो म्हटलं. काकांची पुढची फेरी तीन आठवड्यांनंतर होती. लग्नाच्या आदल्या दिवशी मारायच्या, वरात झाली की काढायच्या, भोकं बुजवून टाकायची. मनात सगळा बेत पक्का केला. इतरांच्या असल्या बेतांचं काय होतं ते बघण्यात माझं आयुष्य गेलं, पण आपला बेत माणसाला नेहमी वेगळा वाटतो.

जवळपास घोड्याचा नालबंद मिळेना. बाजाराच्या दिवशी बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकणारा एक कारागीर होता, त्याला घेऊन आलो. तो बिचारा सरळ माणूस. "घोड्याचं काम जास्त केलं नाही साहेब," असं त्यानं आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. पुढच्या उजव्या पायात तिसरा खिळा जाताना मैनेनं अंग चोरलं. कातडी थरथरली, कान मागे गेले. मी पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं. आणि स्वतःला सांगितलं, माशी बसली असेल.

वरातीत डीजे होता. दोन गाड्या भरून भोंगे. त्या आवाजात टापा कुणाला ऐकू येणार होत्या? मी लगाम धरून तिच्या डोक्यापाशी चालत होतो, मलाही आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैना तीन पायांवर उभी होती. चौथा टेकवत नव्हती. खुराला हात लावला तर गरम, आणि खुराच्या वरच्या शिरेत ठोके पडत होते. नाला मी आदल्या दिवशीच काढवून घेतल्या होत्या आणि सगळी भोकं मेणात खुराचा भुसा कालवून स्वतः बुजवली होती, अशी की वरून काही दिसू नये. काकांना फोन करायला मला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी तीन वेगवेगळ्या कहाण्या जुळवल्या. दगड लागला. काटा गेला. पाय मुरगळला. तिन्ही चांगल्या होत्या. फोन लागला आणि मी फक्त म्हणालो, "काका, मैना पाय टेकवत नाही. या."

ते पहिल्या बसनं आले. त्या दिवशी माझ्या पायांकडेही बघितलं नाही, सरळ घोडीपाशी गेले. पाय मांडीवर घेतला, अंगठ्याच्या नखानं मेण खरवडलं.

"हे कोनं भरलं?"

"मी."

"सफाईनं भरलं. हात स्थिर हाय तुमचा."

मग मी सगळं सांगितलं. ताई, मांजर, पत्रीवाला, सगळं. ते ऐकत सुरीला धार लावत होते. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"खिळा मारताना घोडी हालली होती का?"

"हो."

"तुमी पाहिलं?"

"पाहिलं."

"अन् चूप राह्यले."

यापुढे त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तळव्याला बारीक छेद दिला, काळा पू बाहेर आला, आणि मैनेनं इतका लांब श्वास सोडला की मला तोंड फिरवावं लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. दिवसातून तीन वेळा कोमट मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायचा. मी कोर्टातून तारखा मागून घेतल्या आणि घमेलं धरून बसलो. काका अकोल्याला परत गेलेच नाहीत. शेडमध्येच खाट टाकली, बूट घालून झोपायचे.

पू आटला, आणि मला वाटलं सुटलो. तेव्हा चीर दिसली. त्या तिसऱ्या खिळ्याच्या भोकापासून निघालेली, खुराच्या भिंतीतून सरळ वर. रोज थोडी वर सरकत होती. मैनेनं पाय टेकला की चीर उघडायची, उचलला की मिटायची. डॉक्टर वाकून बघून गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, की ही वर, खूर संपून केस सुरू होतात तिथपर्यंत गेली आणि आतलं मांस चिमटीत सापडायला लागलं तर घोडी पायावर उभी राहणार नाही. मग तिचे हाल बघण्यापेक्षा कायमचं इंजेक्शन बरं, तयारी ठेवा. मी तयारी काय ठेवणार? मी शेडच्या मागे जाऊन उभा राहिलो. आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की माशी बसली नव्हती.

काका दोन दिवस त्या चिरेकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बंद नाल लागन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "नाल?"

"गोल. मांगून बंद. खुराले बांधून धरन, चीर हालनार नाही. दुसरा इलाज नाही."

ते अकोल्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतले. लोहाराकडून मापानं घडवून आणलेली गोल नाल होती, आणि तेलकट कापडात गुंडाळलेला हातोडा, एका डबीत खिळे. त्या हातोड्यावर गंजाचा ठिपका नव्हता. इतक्या वर्षांपूर्वी ज्यानं हत्यार टाकून दिलं म्हणतात, त्यानं ते कुणाला न कळू देता पुसून ठेवलं होतं.

त्यांनी पाय मांडीवर घेतला, नाल बसवून पाहिली, डाव्या हाताच्या दोन बोटांत खिळा धरला, हातोडा उचलला. आणि मी पाहिलं, खिळ्याचं टोक जागेवर राहत नव्हतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांनी हातोडा खाली घेतला. दम घेतला. पुन्हा धरला. पुन्हा तेच. मग पाय हळूच जमिनीवर ठेवून ते सरळ झाले आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

"वकीलसाहेब, हात कापते माहा."

मग एकेक आठवायला लागलं. चहा अर्धा कपच घ्यायचे, तोही खाली ठेवून, वाकून. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करायचे, आणि मी समजत होतो शिकले नाहीत.

"पंधरा वर्षं झाले," ते म्हणाले. "पहिले बोटं, मंग मनगट. कानस चालते, सुरी चालते, त्यायले दोनी हातानं दाबून धरता येते. खिळा दोन बोटांत धरा लागते. एका घोड्याच्या खुरातल्या जित्या मांसाले लावला म्या, तसाच, तुमच्या पत्रीवाल्यानं लावला तसा. त्या दिवशी हातोडा ठेवला. लोकायले वाटलं, यानं तत्त्वासाठी सोडलं. म्या म्हटलं, वाटू द्या."

"मग ते खूर पसरतं, रक्त चढतं, ते सगळं?"

"ते खरंच हाय. पन नाल मारत होतो तवा मले ते समजून घ्याची गरजच नोती. हात गेला तवा डोळे उघडले." मग म्हणाले, "हातोडा घ्या."

"मी?"

"मेण भरलं ना सफाईनं? घ्या."

"मला येत नाही. मांसात गेला तर?"

"तर गेला."

खात्री नाही, अंदाज नाही, 'पाहू'सुद्धा नाही. त्यांनी मैनेचा पाय आपल्या गुडघ्यांत धरला, मला कुठे आणि किती तिरपा लावायचा ते बोटानं दाखवलं आणि डोळे मिटून कान जवळ आणला. "टणक आवाज येते तोवर मारा. बद्द आला का थांबा. विचार करू नका, थांबा."

मी मारला. घामानं चष्मा घसरत होता. पहिला खिळा टणक गेला आणि भिंतीतून बाहेर निघाला, दुसराही. तिसऱ्याच्या दुसऱ्या घावाला आवाज बदलला. मी ऐकला, आणि या वेळी थांबलो. "काढा," काका म्हणाले, "जरा बाहेरून घ्या." पुन्हा घेतला. टणक. असे सहा खिळे. मैना एकदाही हलली नाही. सहावा झाल्यावर मी तिथेच शेणात बसलो. तिनं पाय टेकला, भार टाकला. चीर मिटलेली होती, मिटलेलीच राहिली.

"कोनाले सांगू नका," काका म्हणाले. हाताबद्दल की खिळ्यांबद्दल, ते मी विचारलं नाही.

खूर वाढेल तशी चीर खाली सरकून कापली जायला आठ-नऊ महिने लागले आणि तेवढे दिवस नाल पायात होती. दोनदा काढून पुन्हा बसवावी लागली, दोन्ही वेळा खिळे माझ्याच हातानं. लोकांना दिसायला किती वेळ लागतो? ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. वकिलाच्या घोडीला नाल, आणि पाय तर काका बघतात. मी तोंड मिटून होतो, आणि रोज धास्तावून होतो. माझ्या एका हो म्हणण्यानं घोडी मरता मरता वाचली होती, आता ह्या माणसाची इज्जत जाणार होती.

त्यातच अकोल्याच्या घोडेवाल्यांनी काकांचा सत्कार ठेवला. मंगल कार्यालयाचा लहान हॉल, शंभरेक माणसं, व्यासपीठावर काका नवीन धोतरात, खाली तेच बूट. शाल पांघरली, नारळ दिला. काकांनी दोन्ही हात शालीच्या आत घेतले. सूत्रसंचालक रंगात येऊन म्हणाला, "पंधरा वर्षांत ज्यांनी खिळ्याला हात लावला नाही, असा हा तत्त्वनिष्ठ माणूस!" टाळ्या पडल्या.

मागून एक जण उठला. वरातीच्या घोड्या भाड्यानं देणारा, काकांशी जुनं वाकडं. दुपारच्या वरातीवरून थेट आलेला, फेटासुद्धा उतरवला नव्हता. "हात लावला नाही म्हंता? वकिलाच्या घोडीच्या पायात बंद नाल पाहिली म्या माह्या डोळ्यानं. ते काय आभाळातून पडली?"

शंभर माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. "मी जबाबदारीनं सांगतो," मी म्हणालो, "माझ्या घोडीच्या पायात काकांनी एकही खिळा मारलेला नाही." अक्षर न अक्षर खरं होतं. पुन्हा टाळ्या पडल्या, आणि मला इतकं लाजल्यासारखं झालं की खाली बसताना खुर्ची सापडेना.

काका उठले. माईक त्यांनी घेतला नाही.

"वकीलसाहेब खोटं नाही बोल्ले. खिळे त्यायनं मारले. पन मारा म्हणून म्या सांगतलं. मीच मारनार होतो." त्यांनी शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि समोर धरले. हॉलमधल्या शेवटच्या माणसाला दिसावं इतके ते कापत होते. "हे पाहा. म्हणून नाही मारले. पंधरा वर्षं झाले. तुमी तत्त्वाचा मानूस म्हनत होते, मले बरं वाटत होतं, म्या चूप राह्यलो. घोडीले नाल लागली, लावली. ज्याले नाही लागत त्याच्या पायात ठोकू नका, हे कालबी सांगत होतो, आजबी सांगतो. आता आयकाचं का नाही, तुमी पाहा."

माझ्या मनात आलं, संपलं. उद्यापासून कुणी ह्यांना आपल्या घोड्याच्या पायाला हात लावू देणार नाही, आणि हे सगळं माझ्यामुळे.

"मंग काका," फेटेवाला अजून उभाच होता, "माह्या घोडीचं काय? ठेवू का काढू? डांबरावर चालते, घसरते."

"पाहिल्याबिगर कसं सांगू? कुठी हाय?"

"बाहेर बांधली."

काका व्यासपीठावरून उतरले. शाल खुर्चीवर राहिली, नारळ राहिला. सूत्रसंचालक पुढचं नाव पुकारत होता, पण निम्मा हॉल त्यांच्या मागे निघाला होता, आणि त्यात मी होतो. बाहेर कडुनिंबाखाली वरातीच्या सजावटीसकट पांढरी घोडी उभी होती. काका वाकले. त्यांनी तो कापणारा हात तिच्या खांद्यावरून खाली, गुडघ्यावरून खाली, सावकाश नेला. तो अजून खुरापर्यंत पोचायचा होता, तर घोडीनं आपणहून पाय उचलून दिला.